गिरणी बंद, दालन सुरू

रविवार, ८ जानेवारी २०१७. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल शहरातली माणसे सकाळी घराबाहेर पडली, तेव्हा क्वीन व्हिक्टोरिया चौकाच्या ऐन मध्यावर काहीतरी पांढरेशुभ्र, लांबलचक आडवे पडले होते. पवनचक्कीचे पाते. रातोरात आणून ठेवलेले, ७५ मीटर लांब. एक टोक जमिनीलगत आणि दुसरे इतके वर की खालून दुमजली बस जावी. ते कुणा शिल्पकाराने घडवलेले नव्हते. शहरातल्याच अलेक्झांड्रा गोदीत नुकत्याच सुरू झालेल्या सीमेन्सच्या कारखान्यात ते तयार झाले होते. ते उचलून चौकात मांडण्याची कल्पना ज्यांची, त्या कलावंताचे नाव नयन कुलकर्णी. आडनावाने मराठी वाचकाचे कान टवकारतील. हे कुलकर्णी मात्र ब्रिटनमधले कलावंत, आणि प्रकाश व सार्वजनिक जागा हे त्यांचे माध्यम.

ही काय कला झाली? हा प्रश्न निघायचाच होता, निघाला. कारखान्यातला माल चौकात आणून टाकायचा आणि त्याला शिल्प म्हणायचे, तर मग भाजीवाल्याची हातगाडीही शिल्पच. पण हलमध्ये या प्रश्नाला एक जोडप्रश्न होता, जो लंडनमध्ये कुणी विचारला नसता: हे खरेच आपल्या गावात बनले? आइसलँडशी झालेल्या 'कॉड युद्धा'त १९७६ मध्ये ब्रिटनला माघार घ्यावी लागली. दूरच्या समुद्रातली मासेमारी संपली आणि हलचे ट्रॉलर भंगारात निघाले. पुढची चाळीस वर्षे या गावातून बाहेर जाणाऱ्या बातम्या बहुतेक काहीतरी बंद पडल्याच्याच. अशा गावाच्या चौकात गावातच बनलेली एवढी मोठी वस्तू येऊन पडली होती.

त्याच चौकात फेरेन्स कलादालन आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथे टर्नर पारितोषिकाचे प्रदर्शन भरले. टर्नर म्हणजे ब्रिटनमधले समकालीन कलेचे सर्वांत गाजलेले आणि सर्वांत जास्त शिव्या खाल्लेले बक्षीस. ज्या टॉमस फेरेन्स यांच्या पैशातून ते दालन १९२७ मध्ये उभे राहिले, ते 'रेकिट अँड सन्स'चे अध्यक्षपद सांभाळणारे कारखानदार. रेकिट म्हणजे कपड्यांची नीळ करणारी हलची कंपनी. पांढऱ्या सदऱ्या-धोतरांसाठी आपल्या घरोघरी जी रॉबिनची नीळ बादलीत विरघळली, तिचे घराणे हेच.

ब्रिटनमधली उतरती गावे आणि तिथे पाहुणे म्हणून जाणारे हे बक्षीस, यांच्या नात्यातली मेख या निळीत आहे. एकेकाळी कारखान्याच्या नफ्यातून दालने उभी राहिली. कारखाना गेला, दालन राहिले. आता त्या दालनाने कारखान्याची जागा भरून काढावी अशी अपेक्षा आहे.

टर्नर पारितोषिक देणाऱ्या खुद्द टेट गॅलरीचे उदाहरण घ्या. हेन्री टेट हे लिव्हरपूलचे साखरसम्राट. (हा शब्द आपल्याकडे आधीच तयार आहे, हे बरेच.) साखरेच्या चौकोनी वड्या विकून त्यांनी पैसा मिळवला आणि त्यातून १८९७ मध्ये लंडनला कलादालन उभे राहिले. त्यांच्या कंपनीचा लिव्हरपूलमधला लव्ह लेनचा साखर कारखाना १९८१ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी टॉक्सटेथ भागात दंगल पेटली. मंत्री जेफ्री हाउ यांनी तेव्हा पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना लिहिलेले पत्र तीस वर्षांनी खुले झाले. लिव्हरपूलवर फार पैसा ओतू नये, त्या शहराचा ऱ्हास नीट हाताळत न्यावा, हा पर्यायही विसरू नये, असा त्याचा सूर होता. १९८८ मध्ये जुन्या अल्बर्ट डॉकच्या गोदामांत टेटची शाखा उघडली. साखर गेली होती. साखरवाल्याचे नाव कलादालन होऊन परत आले.

टर्नर पारितोषिकाची सुरुवात मात्र लंडनची, आणि त्याची भांडणेही बराच काळ लंडनचीच. १९८४ मध्ये ते सुरू झाले, रक्कम १०,००० पौंड. पहिलेच बक्षीस माल्कम मॉर्ली या चित्रकाराला मिळाले, जो कित्येक वर्षे न्यूयॉर्कला स्थायिक होता; म्हणजे पहिल्या रात्रीपासूनच कुरबुर. १९९० मध्ये बक्षीस दिलेच गेले नाही. कारण कलेशी संबंधित नव्हते. ड्रेक्सेल बर्नहॅम लँबर्ट ही प्रायोजक कंपनी अमेरिकेत जोखमीचे, चढ्या व्याजाचे 'जंक बाँड' विकून गब्बर झाली होती. तिने त्या वर्षी दिवाळे काढले आणि ब्रिटनच्या कलावंतांचे एक वर्ष बुडाले. बक्षिसाच्या अर्थशास्त्राचा याहून सोपा धडा नसेल. पुढच्या वर्षी चॅनल फोर पुढे आले, रक्कम दुप्पट झाली, आणि ते २०,००० पौंड मिळाले मुंबईत १९५४ मध्ये जन्मलेल्या अनिश कपूर यांना.

टीव्ही आला तसा तमाशाही आला. १९९५ मध्ये उभी चिरलेली गाय आणि वासरू मांडणारा डेमियन हर्स्ट जिंकला. १९९९ मध्ये ट्रेसी एमिनच्या विस्कटलेल्या पलंगाने बक्षीस न मिळवताही सगळी वर्तमानपत्रे मिळवली. २००१ मध्ये मार्टिन क्रीडच्या रिकाम्या खोलीत दिवे लागत होते आणि विझत होते, तेवढेच. त्या भिंतींवर एका चिडलेल्या चित्रकर्तीने अंडी फेकली. पुढच्या वर्षी सांस्कृतिक खात्याचे मंत्री किम हाउल्स यांनी प्रदर्शन पाहून प्रेक्षकांच्या फलकावर चिठ्ठी टोचली: ब्रिटिश कलावंतांकडे एवढेच असेल तर ब्रिटिश कला संपली. पुढे एक चांगली भरघोस शिवीही होती. ज्या खात्याचा मंत्री, त्याच खात्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या भिंतीवर चिठ्ठी लावतो, हे दृश्य मोठे लोभस होते. आपल्याकडे मंत्री एवढ्यावर थांबत नाहीत.

या सगळ्या गदारोळात एकच वाद असा होता, ज्याच्या मुळाशी पोटाचा आणि निवाऱ्याचा प्रश्न होता. १९९३ मध्ये रेचल व्हाइटरीड यांनी पूर्व लंडनमधल्या ग्रोव्ह रोडवर एक घर आतून काँक्रीटने भरले आणि बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. उरला तो घराच्या आतल्या पोकळीचा ठसा: उलट्या खिडक्या, उलट्या शेगड्या, जिन्याची नागमोडी रेघ. त्या रस्त्यावरची एकाला एक चिकटलेली बाकीची घरे आधीच पाडली गेली होती; हे शेवटचे घर एका निवृत्त गोदी कामगाराचे. गोदी बंद होऊन जवळच कॅनरी व्हार्फचे टॉवर उभे राहत होते. व्हाइटरीडना २३ नोव्हेंबरला टर्नर मिळाले. त्याच दिवशी स्थानिक कौन्सिलने ते शिल्प पाडायचे ठरवले. आणि त्याच दिवशी 'के फाउंडेशन' नावाच्या दोन पॉप संगीतकारांच्या उचापतखोर संस्थेने त्यांना 'सर्वांत वाईट कलावंता'चे ४०,००० पौंड दिले, म्हणजे टर्नरच्या दुप्पट. त्यांनी ती रक्कम गरजू कलावंतांना आणि बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला वाटली. घर ११ जानेवारी १९९४ रोजी पाडले गेले. आज तिथे गवत आहे.

२००७ मध्ये टर्नर पहिल्यांदा लंडनबाहेर गेले, ते लिव्हरपूलला. पुढच्या वर्षी ते शहर 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' होणार होते. त्या वर्षाचा हिशेब नंतर मांडला गेला तो असा: ९७ लाख जादा भेटी, ७५ कोटी पौंडांची उलाढाल. असे आकडे खोटे नसतात, पण ते कुणाच्या खिशात गेले हे त्यांतून कळत नाही. हॉटेलातली खोली विकली गेली म्हणजे बंद कारखान्यातल्या फिटरला काम मिळाले असे होत नाही. तरीही सरकारला हे आकडे इतके आवडले की 'युनायटेड किंग्डमचे सांस्कृतिक शहर' अशी घरचीच स्पर्धा सुरू झाली. दर चार वर्षांनी एक शहर: डेरी २०१३, हल २०१७, कॉव्हेंट्री २०२१, ब्रॅडफर्ड २०२५. टर्नर या चारही शहरांत त्या-त्या वर्षी पोचले. एक बक्षीस दुसऱ्या बक्षिसाच्या मांडवात.

लंडनमधल्या समीक्षकांना भीती होती की बाहेरगावचे लोक हे पाहून खवळतील. घडले उलटेच. २०११ मध्ये टाइन नदीकाठच्या गेट्सहेडमध्ये 'बाल्टिक' या दालनात प्रदर्शन भरले. बाल्टिक म्हणजे मूळची पिठाची गिरणी. लंडनला टेटमध्ये तिकीट होते, इथे प्रवेश मोफत. सुमारे दीड लाख माणसे आली. रांगा दाराबाहेर लागल्या.

अर्थात गेट्सहेडने आपले भांडण आधीच भांडून घेतले होते. १९९४ चे टर्नर विजेते अँटनी गॉर्मली यांचा 'एंजल ऑफ द नॉर्थ' १९९८ मध्ये तिथे उभा राहिला: २० मीटर उंच, ५४ मीटरचे पंख, २०० टन पोलाद, खर्च आठ लाख पौंड, आणि जागा बंद कोळसाखाणीच्या कामगारांच्या न्हाणीघराची. आधी 'आम्हाला नोकऱ्या द्या, देवदूत कसला देता?' हा सूर होता. आधी पोटोबा, मग विठोबा. पुढे काही महिन्यांतच फुटबॉलच्या चाहत्यांनी त्याला न्यूकॅसल संघाचा भलामोठा शर्ट चढवला आणि देवदूत गावचा झाला. पैशाचे गाडे मात्र तसेच अडले. गेट्सहेडमध्ये प्रदर्शन संपून वर्षही झाले नव्हते, तोच नदीपलीकडच्या न्यूकॅसल कौन्सिलने कलेचे सगळे अनुदान शून्यावर आणण्याचा प्रस्ताव मांडला. ओरड झाली, मग कपात निम्म्यावर आली.

इथून तासाभराच्या अंतरावर मिडल्सब्रो आहे. या गावाची गोष्ट टर्नरच्या दौऱ्यात येत नाही, पण ती टाळताही येत नाही, कारण तिच्यात दोन्ही बाजूंना मुंबई आहे. मिडल्सब्रो म्हणजे पोलाद. सिडनीच्या प्रसिद्ध पुलाचे पोलाद इथल्या डॉर्मन लाँग कंपनीचे. २००७ मध्ये टाटा स्टीलने कोरस ही कंपनी विकत घेतली, तेव्हा जवळच्या रेडकारची प्रचंड झोतभट्टी टाटांकडे आली. त्या खरेदीचे मुंबईत केवढे कौतुक झाले होते! साहेबाच्या देशातले पोलाद आपण घेतले. मग मंदी आली, दहा वर्षे माल उचलण्याचा करार केलेल्या परदेशी ग्राहकांनी २००९ मध्ये हात वर केले, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये भट्टी थंड करण्यात आली. जूनमध्ये, म्हणजे चार महिन्यांनी, मिडल्सब्रोच्या जुन्या गोदीपाशी एका शिल्पाचे अनावरण झाले: 'टेमेनॉस'. दोन अवाढव्य पोलादी कडी, एक गोल आणि एक लंबगोल, आणि त्यांच्यामध्ये ताणलेले तारांचे जाळे. ११० मीटर लांब, ५० मीटर उंच, खर्च २७ लाख पौंड. शिल्पकार अनिश कपूर, सोबतीला अभियंता सेसिल बालमंड.

मुंबईतल्या कंपनीची भट्टी विझली आणि मुंबईत जन्मलेल्या शिल्पकाराचे पोलाद उभे राहिले. हा निव्वळ योगायोग होता, पण योगायोगांनाही स्वतःची विनोदबुद्धी असते. टीज नदीच्या खोऱ्यात अशी पाच महाकाय शिल्पे उभारायची योजना होती. एकच झाले. रेडकारची भट्टी एका थाई कंपनीने विकत घेऊन पुन्हा पेटवली, तीही २०१५ मध्ये कायमची बंद पडली आणि दोन हजारांहून अधिक लोकांचे काम गेले. टेमेनॉस अजून तिथे आहे. त्याच्यामागे फुटबॉलचे मैदान आहे, आणि सामन्याच्या दिवशी त्याच्याखालून जाणाऱ्या गर्दीत वर मान करून पाहणारे थोडेच असावेत. शिल्प वाईट नाही. संध्याकाळच्या उजेडात ते जाळे जवळजवळ अदृश्य होते आणि फक्त दोन कडी अधांतरी दिसतात. पण गावाने ते मागितले नव्हते, बनवले नव्हते, आणि पुढची चार आली नाहीत याचे त्याला दुःखही झाले नाही.

याच्या नेमकी उलट गोष्ट ग्रॅन्बीची. लिव्हरपूलच्या टॉक्सटेथ भागातल्या या चार गल्ल्या १९८१ च्या दंगलीनंतर हळूहळू ओस पडत गेल्या. कौन्सिलने घरे ताब्यात घेतली, दारे-खिडक्यांवर पत्रे ठोकले आणि ती पडण्याची वाट पाहिली. २००२ मध्ये सरकारने 'घरबाजारा'च्या पुनरुज्जीवनाची योजना आणली, तिचा सरळ अर्थ जुनी घरे पाडून नवी बांधणे असा होता. ग्रॅन्बीतल्या उरलेल्या रहिवाशांनी, त्यातही मुख्यतः बायकांनी, वेगळेच काम हाती घेतले. गल्ली झाडायला घेतली. रिकाम्या घरांच्या पत्र्यांवर पडदे आणि फुलदाण्या रंगवल्या. फुटपाथवर कुंड्या, जुन्या टबांत वेली, महिन्यातून एकदा गल्लीतच बाजार: घरचे जेवण, जुने कपडे, रोपटी. कुणाचे अनुदान नाही, कुणाची परवानगी नाही. २०११ मध्ये सरकारी योजना गुंडाळली गेली आणि त्याच वर्षी या लोकांनी स्वतःचा जमीन-न्यास काढला.

मग 'असेम्बल' आले. लंडनमधले अठराएक तरुण, बहुतेक वास्तुशास्त्र शिकलेले, वय तिशीच्या आत. त्यांनी केर्न्स स्ट्रीटवरची दहा पडकी घरे न्यासासाठी दुरुस्त करण्याचे काम घेतले. छप्पर कोसळून आत झाडे उगवलेल्या दोन घरांत पुढे काचेच्या छताची बागच झाली. २०१५ मध्ये त्यांचे नाव टर्नरच्या अंतिम यादीत आले, तेव्हा कलाजगतापेक्षा बहुधा तेच जास्त चक्रावले असतील. 'आम्ही कलावंत' असा दावा त्यांनी कधी छाती ठोकून केला नव्हता. ग्लासगोच्या 'ट्रॅमवे' दालनात (मूळची ट्रामगाड्यांची शेड) दाखवायचे काय? घरे तर उचलून नेता येत नाहीत. म्हणून त्यांनी 'ग्रॅन्बी वर्कशॉप' नावाचा छोटा कारखाना काढला आणि दालनात त्याचे दुकान मांडले. पाडलेल्या घरांच्या विटा-दगडांचा चुरा सिमेंटमध्ये ओतून केलेल्या शेगडीच्या चौकटी. लाकडाच्या भुशात धुरावलेल्या मातीच्या दारमुठी. हाताने छापलेल्या फरशा. प्रेक्षकाने पाहायचे आणि हवे तर मागणी नोंदवायची. बक्षीस त्यांना मिळाले.

यावर झालेली टीका नीट ऐकण्यासारखी होती. ही कला नव्हे, हे समाजकार्य आहे, असे परंपरेचे राखणदार म्हणाले. आणि कौन्सिलने जे काम करायला हवे ते कलावंतांकडून फुकटात करून घेऊन त्यावर बक्षिसाची झालर लावली, असे डावीकडचे म्हणाले. दुसऱ्या टीकेत जास्त दम आहे. पण दोघांच्याही नजरेतून निसटते ती साधी गोष्ट: कुंड्या आधी लागल्या होत्या, बक्षीस नंतर आले. वर्कशॉपच्या फरशा विकल्या गेल्या, गल्लीत थोडे पगार सुरू झाले. दालनाने कारखान्याची जागा भरण्याच्या सगळ्या कहाण्यांत, दालनातून खरोखर एक छोटा कारखाना निघाल्याचे हे जवळजवळ एकमेव उदाहरण.

बाकी ठिकाणी हिशेब मिश्र आहे. डेरीला २०१३ मध्ये एब्रिंग्टनच्या जुन्या लष्करी बराकीत दालन सजले. ज्या आवारातून ब्रिटिश सैन्य शहरावर नजर ठेवत असे, तिथे शाळेची मुले चित्रे पाहायला आली. हे थोडे नव्हे. पण वर्ष सरल्यावर ती जागा कलेसाठी न ठेवता कचेऱ्यांना देण्याचे ठरले. २०१९ ची पाळी मार्गेटची, लंडनकरांच्या आजोबांच्या काळातले समुद्रकाठचे सुट्टीचे गाव. स्वस्त विमानांनी लोक स्पेनला जाऊ लागले तसे मार्गेट उतरले, आणि २०११ मध्ये चित्रकार टर्नरच्याच नावाचे 'टर्नर कंटेम्पररी' दालन तिथे बांधले गेले. गाव सावरले म्हणतात. घरांच्या किमतीही सावरल्या, इतक्या की 'डाउन फ्रॉम लंडन' ही आलेल्या मंडळींना स्थानिकांनी दिलेली टोपणशिवी झाली. त्या वर्षीचा प्रायोजक म्हणून एका बस कंपनीचे नाव जाहीर झाले आणि कंपनीच्या संस्थापकाच्या समलैंगिकविरोधी मोहिमेवरून गहजब उडताच दुसऱ्याच दिवशी मागे घेतले गेले. शेवटी चारही कलावंतांनी परीक्षकांना पत्र लिहून ४०,००० पौंड आपसांत वाटून घेतले. स्पर्धेवर चाललेल्या बक्षिसात स्पर्धाच नको म्हटल्यावर लंडनच्या स्तंभलेखकांना महिनाभर पुरेल एवढे खाद्य मिळाले.

कॉव्हेंट्री हे मोटारींचे गाव. तिथे २०२१ मध्ये अंतिम यादीतले पाचही जण गट होते, एकटा कलावंत एकही नाही. बेलफास्टच्या 'अॅरे कलेक्टिव्ह'ने दालनात एक चोरटा गुत्ता उभारला, बॅनर आणि गाण्यांसकट, आणि बाजी मारली. गुत्ता झकास होता. पण सांस्कृतिक शहराचे ते वर्ष ज्या ट्रस्टने चालवले, त्याला कौन्सिलने पुढे दहा लाख पौंड कर्ज दिले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्रस्टच दिवाळखोरीत गेला. संस्कृतीने शहराची अर्थव्यवस्था उचलायची होती. उचलावे लागले संस्कृतीलाच, आणि तेही जमले नाही.

या पडझडीला एक मोठी चौकट आहे. २०१० नंतर लंडनच्या सरकारने स्थानिक कौन्सिलांचे अनुदान वर्षानुवर्षे आवळले. म्हाताऱ्यांची आणि अनाथ मुलांची काळजी कायद्याने बंधनकारक. ग्रंथालय काहीसे, कलादालन मुळीच नाही. मग कात्री कुठे लागणार? सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम कौन्सिलने, आणि जेमतेम तीन महिन्यांनी नॉटिंगहॅमने, हिशेब जुळत नसल्याची कायदेशीर कबुली दिली आणि दोघांनीही कलासंस्थांचे अनुदान पूर्ण बंद करायचे ठरवले. अशा वेळी चार महिन्यांचे एक गाजावाजा झालेले प्रदर्शन गावात येते, तेव्हा ते बारमाही नळ आटल्यावर आलेल्या टँकरसारखे असते. टँकरला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण दुष्काळावर बोलायचे सोडून टँकरच्या रंगावर भांडणे चालावीत, तसे टर्नरचे बरेचसे वाद आहेत.

हलमध्ये मात्र तो रंगाचा वादही नीट जमला नाही, कारण जिंकली ती लुबैना हिमिड. झांझिबारला जन्मलेली, जुन्या कापडगिरण्यांच्या प्रेस्टन गावात राहणारी, ६३ वर्षांची. पन्नाशीची वयोमर्यादा त्याच वर्षी उठली होती. तिच्या एका कामात बाजारातून गोळा केलेल्या जुन्या चिनी मातीच्या ताटल्या-वाडग्यांवर लँकेस्टरच्या उमरावांचे आणि त्यांच्या गुलाम नोकरांचे चेहरे रंगवले होते. लँकेस्टर हे गुलामांच्या व्यापाराचे बंदर. तिथल्या जेवणाच्या टेबलावरचा पैसा कुठून आला, ते ताटलीवरच लिहिलेले. पाहायला लाखाहून अधिक माणसे आली. ज्या शहरात वर्षभरापूर्वी दर तिघांपैकी दोघांनी युरोपातून बाहेर पडायला मत दिले होते, तिथे हा विजय शांतपणे स्वीकारला गेला. चौकातले पाते मार्चमध्येच हलवले गेले होते. कारखाना मात्र चालू राहिला आणि त्याने हजारभर लोकांना काम दिले. हलच्या त्या वर्षाचे यश मोजताना कला किती आणि सीमेन्स किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. ते बहुधा काढूही नये.

दौऱ्याचा २०२५ चा मुक्काम ब्रॅडफर्ड. लोकरीचे गाव, जगातली लोकरीची राजधानी म्हणवून घेतलेले. दालनाचे नाव कार्टराइट हॉल. यंत्रमागाचा शोध लावणारे एडमंड कार्टराइट, त्यांचे. म्हणजे आपल्याकडच्या इचलकरंजी-मालेगावच्या खडखडाटाचा मूळ पुरुष. १९०४ मध्ये हे दालन उघडले ते सॅम्युअल लिस्टर यांच्या देणगीतून, एकेकाळी त्यांच्याच मालकीच्या असलेल्या बागेत. लिस्टर यांची मॅनिंगहॅम गिरणी तिथून हाकेच्या अंतरावर. १८९० मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवले तेव्हा तोटा भरून काढायला लिस्टर यांनी कामगारांची मजुरी कापली. काही जणांची तिसऱ्या हिश्श्याने. (अमेरिकी शुल्काचा फटका २०२५ मध्ये आपल्या कापड निर्यातदारांनीही अनुभवला, पोट कुणाचे मारले जाते ते बदललेले नाही.) हजारो कामगार, त्यांत बहुसंख्य बायका, १९ आठवडे संपावर राहिले आणि हरले. त्या पराभवाच्या चटक्यातून १८९३ मध्ये ब्रॅडफर्डलाच स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. मजुरी कापणाऱ्यानेच दालन दिले. बागेत त्याचा पुतळाही आहे.

गिरण्यांच्या रात्रपाळीला पुढे पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूरची माणसे आली. त्यांतल्या अनेकांची गावे मंगला धरणाखाली गेली होती. कोयनेच्या धरणग्रस्तांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मॅनिंगहॅम गिरणी १९९२ मध्ये बंद पडली. आता तिच्या मोठ्या भागात फ्लॅट आहेत. कौन्सिलची तिजोरी इथेही रिकामीच. २०२४ मध्ये सरकारकडून विशेष मदत घेऊन दिवस काढावे लागले.

९ डिसेंबर २०२५ रोजी विजेतीचे नाव जाहीर झाले: नेना कालू, वय ५९. ती स्वमग्न आहे, फार थोडे बोलते, आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला हे बक्षीस मिळण्याची ही पहिलीच वेळ. लगेच कुजबुज झाली: हे कलेचे बक्षीस की कणवेचे? ज्यांनी कार्टराइट हॉलमध्ये तिचे काम पाहिले होते, त्यांना हा प्रश्न विचित्र वाटला असावा. छतापासून लोंबणारे फुगीर, भडक रंगांचे गोळे. कापडाच्या पट्ट्या, दोर, जाळी, चिकटपट्टी, जुन्या व्हिडिओ कॅसेटची चकचकीत फीत, सगळे एकावर एक गुंडाळलेले, आवळलेले, पुन्हा गुंडाळलेले, जणू कोष. हात किती वेळा त्याच वळणाने फिरला असेल याचा अंदाज जवळ गेल्यावर येतो. कांडीवर सूत भरणाऱ्या बाईचा हात असाच फिरत असेल.

प्रदर्शन फेब्रुवारी २०२६ पर्यंत होते. हिवाळ्यात ब्रॅडफर्डला चार वाजताच अंधारून येते. दालन बंद करताना पहारेकरी दिवे घालवतात, आणि बागेतून बाहेर पडणाऱ्या लोकांना टेकडीवर मॅनिंगहॅमची चिमणी दिसते. २४९ फूट, धूर नाही. खालच्या मजल्यांवर एकेका खिडकीत उजेड लागत जातो.